सही विकत घेऊ नका, मागून घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की मोबाइलवर ‘खेळाडूच्या सहीची बॅट’ अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. काचेच्या चौकटीतली बॅट, शेजारी सोनेरी अक्षरांतले प्रमाणपत्र, किंमत पाच आकडी. मुलाने हट्ट धरला की घरचे हप्त्यावर घेऊनही टाकतात. त्यातल्या कितीतरी बॅटींवर सही नसतेच, सहीचा ठसा छापलेला असतो. हे पत्र अशा पालकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आहे. सात-आठशे रुपयांचे साहित्य आणि थोडी चिकाटी असेल, तर रणजीच्या एका हंगामात पन्नासेक अस्सल सह्या जमू शकतात. शेवटी आयोजकांकडे आणि आपल्याकडेही थोडे मागणे आहे.

आधी साहित्य. रंगीबेरंगी पानांची, कुलूप लावायची ‘ऑटोग्राफ बुक’ घेऊ नये. पाने पातळ असतात, मार्कर मागच्या पानावर उतरतो आणि एक वही हरवली की सगळा संग्रह जातो. त्याऐवजी लग्नपत्रिकेला वापरतात ती पांढरी आयव्हरी शीट घ्यावी, साधारण २०० जीएसएमची (हे कागदाच्या जाडपणाचे माप). २२ बाय २८ इंचांच्या एका शीटमधून ५ बाय ३ इंचांची ३६ कार्डे निघतात. झेरॉक्सवाला कटरवर कापून देतो. दोन साधी निळी बॉलपेने, दोन काळे बारीक टोकाचे पर्मनंट मार्कर, एक चंदेरी पेंट मार्कर, परीक्षेला नेतात तसे छोटे पॅड, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची वीस पाकिटे आणि ती लावायला फाइल. दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर तेही घ्यावे, त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

खरी चूक होते ती पेनात. जेल पेन आणि शाईचे पेन या कामात बाद. दोन्हींची शाई सहसा पाण्याने पसरते. जुलैत ओल्या हाताचा एक ठिपका पडला की सहीला पाय फुटतात. साध्या कार्डावर आणि पुस्तकाच्या पानावर बॉलपेनसारखे दुसरे काही नाही. फोटोवर मात्र बॉलपेन चालत नाही. ते चकचकीत थरावर ओरखडा काढते, शाई सोडत नाही. तिथे पर्मनंट मार्कर लागतो. फोटो घरच्या इंकजेटवर काढू नये, त्याचा रंग मार्करखाली फुटतो. फोटो लॅबमधून ६ बाय ४ ची मॅट प्रिंट काढावी, ती दहा-पंधरा रुपयांत होते. ग्लॉसीच हवी असेल तर सहीच्या जागेवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवून घ्यावे. नाहीतर बोटांच्या तेलकटपणामुळे शाई थेंबाथेंबांनी जमते आणि रेघ तुटक दिसते. सही झाल्यावर तीन मिनिटे तरी फोटोवर काही ठेवायचे नाही. घाईत पाकिटात सरकवलेल्या फोटोची अर्धी सही पाकिटाच्या आतल्या बाजूला निघते.

फोटो निवडताना चेहऱ्यापेक्षा मोकळी जागा बघावी. पांढऱ्या कपड्यांतला फोटो यासाठी उत्तम, सही पँटवर किंवा स्वेटरवर ठसठशीत उठते. गडद निळ्या जर्सीवर काळा मार्कर दिसतच नाही. तिथे चंदेरी पेन हवे, पण ते लहरी असते. आधी टोपण लावून अर्धा मिनिट हलवायचे, मग रद्दी कागदावर टोक दाबून रंग खाली आणायचा, दोन रेघा मारून बघायच्या, आणि मगच खेळाडूच्या हातात द्यायचे. हे न केल्यास पहिल्याच अक्षरावर रंगाचा गोळा पडतो, आणि दुसऱ्यांदा सही मागायची सोय नसते.

छोट्या बॅटीवर सही घ्यायची असेल तर तिच्यावरचे चकचकीत पॉलिश ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सहीपुरते उतरवावे, पूड कोरड्या फडक्याने पुसावी. तेल पाजलेल्या खऱ्या बॅटीवर शाई तंतूंमधून पसरते. सही झाल्यावर ‘टिकावी म्हणून’ सुताराकडून वरून लॅकर मारून घेणारे महाभाग आहेत. लॅकरमधला थिनर मार्करची शाई विरघळवतो आणि सही डोळ्यांदेखत वाहून जाते. लाल चेंडूवर पैसे घालवू नयेत, चंदेरी रंगाचे पोपडे निघतात.

आता सही कुठे मिळते? आयपीएलच्या हॉटेलबाहेर नाही. तिथे काळ्या काचांची बस दिसते आणि सुरक्षारक्षकांच्या पाठी दिसतात. जावे रणजीला. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ असण्याचे भाग्य आपल्याला आणि गुजरातलाच आहे. मुंबईत बीकेसीचे मैदान आणि वानखेडे, पुण्याजवळ गहुंजे, नाशिकचे अनंत कान्हेरे मैदान, नागपूरचे जामठा आणि गोव्यात पर्वरी इतकी ठिकाणे हाताशी आहेत. प्रवेश बहुतेक वेळा फुकट असतो आणि सामना चार दिवस चालतो. गहुंजेला जाताना पाणी, टोपी आणि परतीच्या वाहनाची सोय मात्र आधी बघावी.

वेळ साधणे हीच यातली विद्या. सामन्याच्या आदल्या दिवशीचा सराव सर्वांत चांगला. नेट संपवून खेळाडू किट आवरत असतात, कुणाला घाई नसते. सामन्याच्या दिवशी सकाळी खेळाडूंची बस येते, पण तेव्हा बहुतेकांच्या कानांत इयरफोन असतात. हाक मारू नये. खेळ सामान्यतः साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला जेवण, दोन-दहाला चहा, साडेचारला दिवस संपतो. जेवणाच्या सुट्टीत मागू नये. दोन वाजता शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाकडे तर त्या दिवशी फिरकूच नये. खेळ संपल्यावर वीस मिनिटांनी, गड्यांचे कूलडाउन, म्हणजे खेळानंतरचा हलका व्यायाम, आटोपले की दोरीच्या अलीकडे उभे राहून शांतपणे विचारावे. अंतिम अकरात नसलेले राखीव खेळाडू दिवसभर सीमेजवळ पाणी घेऊन बसलेले असतात, ते हसून सही देतात. यातलाच एखादा तीन वर्षांनी भारताकडून खेळतो. ड्रेसिंग रूमच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. लाचलुचपतविरोधी नियम कडक आहेत, तेव्हा आत शिरण्याची खटपट, भेटवस्तू आणि ‘उद्या संघात कोण?’ असले प्रश्न, तिन्ही वर्ज्य.

२०२५च्या जानेवारीत रोहित शर्मा बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरला, त्याच महिन्याच्या शेवटी विराट कोहली दिल्लीत रेल्वेविरुद्ध खेळला. गर्दी लोटली. असे दिवस बघण्याचे. सहीसाठी ते वाया जातात. सही घ्यावी ती नाव होण्याआधी. १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडक या सामन्यांना मैदानात आईवडील आणि निवडसमितीच काय ती असते. क्रिकेटबाहेरही हेच. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक घेतले. त्याआधी कित्येक वर्षे तो राष्ट्रीय स्पर्धांत उतरत होता आणि बालेवाडीत सराव करत होता. तेव्हा त्याची सही मागायला रांग नव्हती.

प्रत्यक्ष सही घेताना पॅडवर एकच कार्ड, पेनाचे टोपण आधीच काढलेले, आणि तोंडात एकच वाक्य: ‘सर, वेळ असेल तर एक सही द्याल का?’ बाईंना मॅडम किंवा ताई, जे तोंडात बसेल ते. चार कार्डांची थप्पी पुढे केली की खेळाडू समजतो की हा विकणारा. उलट ‘मुलाच्या नावाने द्या’ म्हटले की चेहरा खुलतो, कारण नाव घातलेली सही सहसा बाजारात जात नाही. पुढे विकायची म्हणून नाव नको, हा हिशेब संग्राहकाने करू नये.

पूर्ण संघाची सही घ्यायची तर ए-फोर आयव्हरीवर पंधरा जणांची नावे छापून प्रत्येकापुढे दीड इंच जागा सोडावी. हल्लीच्या सह्या म्हणजे दोन वळणे आणि एक फटकारा. नाव छापलेले नसेल तर महिन्याभरात कोणती कोणाची ते कळत नाही. कागद व्यवस्थापकाकडे देऊन ‘सगळ्यांच्या आणून द्या’ म्हणू नये. त्यात एकाच हाताने चौघांच्या सह्या होण्याचा धोका असतो. कागद परत आला की तिरकेपणा आणि पेनाचा दाब बघावा. पंधरा माणसे एकाच कोनात लिहीत नाहीत.

लांबच्यांसाठी टपाल. घरचे पत्ते हुडकू नयेत, ते असभ्यपणाचे आहे. खेळाडूला संघटना, क्लब किंवा तो नोकरी करत असलेले क्रीडाखाते, लेखकाला प्रकाशक आणि नटाला नाट्यनिर्माता यांच्यामार्फत लिहावे. पत्र एका पानाचे, हाताने लिहिलेले, त्याचा एखादा नेमका डाव किंवा नेमकी भूमिका सांगणारे. ‘मी आपला मोठा चाहता’ याने सुरू झालेले पत्र तिसऱ्या ओळीपर्यंत कोणी वाचत नाही. सोबत दोन कार्डे, एक फोटो, आखडू नये म्हणून पुठ्ठा, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीट. ए-फोर कागद ५ ग्रॅम, कार्डे आणि फोटो मिळून ८, दोन पाकिटे १६ आणि पुठ्ठा १० असे धरले तर जाताना ४० ग्रॅमच्या जेमतेम आत आणि येताना पंचवीसेक ग्रॅम भरतात. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये आणि पुढच्या दर २० ग्रॅमला ५, या हिशेबाने दोन्हीकडे दहा-दहाची तिकिटे. तरी काउंटरवर वजन करूनच घ्यावे. तिकीट कमी पडले तर तुटीच्या दुप्पट रक्कम पोस्टमन पत्र घेणाऱ्याकडे मागतो. म्हणजे तुमच्या लाडक्या खेळाडूला तुमच्या पत्राचा दंड! अशी पाकिटे तशीच परत येतात. पत्र कधी, कोणाला, काय पाठवले याची वहीत नोंद ठेवावी आणि सहा महिने तगादा लावू नये.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, तिचे मोल आपल्याला नाही. मराठी नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन नटांना भेटायची पद्धत अजून टिकून आहे. बालगंधर्व असो, शिवाजी मंदिर असो की गडकरी रंगायतन, पडदा पडल्यावर मेकअप उतरवायला दहा मिनिटे द्यावीत आणि मग दारात उभे राहावे. मध्यंतरात जाऊ नये. तिकिटावर सही घेण्याचा मोह होतो, पण थर्मल कागदावर छापलेले तिकीट दोन-तीन वर्षांत कोरे होते आणि सही तेवढी अधांतरी उरते. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीवरही घेऊ नये. आपली क्षमा मागून सांगतो, न्यूजप्रिंट फार लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो.

सर्वांत स्वस्त सह्या मात्र रद्दीत असतात. पुण्याचा जुना बाजार, अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकाने, मुंबईत फाउंटनचे पदपथ. जुन्या मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ उघडून पहिली दोन कोरी पाने बघायची सवय लावावी. ‘सस्नेह भेट’ लिहून लेखकाने सही केलेली प्रत पन्नास-शंभर रुपयांत मिळते, कारण विकणाऱ्याने ती उघडलेलीच नसते. घासाघीस करताना ते पान उघडे ठेवू नये, एवढा व्यवहार शिकावाच लागतो. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर शेजारी ‘रद्द’चा शिक्का आहे का ते पाहावे; नसेल तर प्रत चोरीची असू शकते, सोडून द्यावी. स्वातंत्र्यपूर्व पुढाऱ्यांच्या सहीची पत्रेही कधी हाती लागतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरतो आणि खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला असले पत्र कुरिअर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

टपाल तिकिटांवरही छान संग्रह होतो. १९९६मध्ये सी. के. नायडू, विनू मांकड, दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट यांची तिकिटे निघाली, २०१३मध्ये दोनशेव्या कसोटीच्या वेळी सचिन तेंडुलकरची. प्रथम दिवस आवरणाचा, म्हणजे तिकीट निघाले त्या दिवसाचा शिक्का मारलेल्या खास पाकिटाचा, कागद खरखरीत असतो, बॉलपेन झकास बसते. सही शिक्क्यापासून दूर, मोकळ्या जागेत घ्यावी.

आता खोट्या सह्यांबद्दल. भिंगाखाली छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते, खऱ्या शाईची रेघ सलग असते आणि जिथे रेघ रेघेला छेदते तिथे शाई दाट होते. कार्ड दिव्यापुढे आडवे धरले की बॉलपेनच्या दाबाची खाच दिसते, छपाईला खाच नसते. पेन धरणाऱ्या यंत्राने केलेल्या सहीत सुरुवातीला आणि शेवटी ठळक ठिपका पडतो, मधल्या रेघेची जाडी कुठेही बदलत नाही, आणि दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या दोन सह्या तशा कधीच जुळत नाहीत. सावकाश गिरवलेल्या नकलेत रेघ थरथरते. माणसाची माहितीही कामी येते. सचिन उजव्या हाताने खेळला, पण लिहितो डाव्या हाताने. उजव्या हाताने त्याची नक्कल करणाऱ्याचा ओघ वेगळा पडतो. आणि प्रमाणपत्र? सही खोटी करणाऱ्याला प्रमाणपत्र छापायला कितीसा वेळ लागतो! अमेरिकेत एफबीआयने १९९०च्या दशकाच्या शेवटी ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलचे चेंडूसुद्धा होते. घेणाऱ्यांनी तेही घेतले होते.

म्हणून स्वतः घेतलेल्या सहीचा पुरावा स्वतः तयार करावा. सही करतानाचा एक फोटो, आणि त्याच रात्री कार्डाच्या मागे पेन्सिलीने तारीख, मैदान, सामना. मागून बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. फोटोच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल चालत नाही, तिथे वेगळी चिठ्ठी जोडावी.

जपणूक चुकली तर सगळे मुसळ केरात. लॅमिनेशन अजिबात नको. तापलेला गोंद कागदात मुरतो, पुन्हा निघत नाही. नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटे पीव्हीसीची असतात. त्यांतले रसायन शाई ओढून घेते आणि फोटो आत चिकटतो. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा तेलकट डाग कायमचा राहतो. भिंतीवर टांगायची असेल तर रंगीत झेरॉक्स टांगावी आणि मूळ कपाटात ठेवावी, कारण उन्हाने मार्कर आधी तांबूस होतो आणि मग नाहीसा होतो. पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या खणात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवावी. केशरी गोळ्या ओल शोषून हिरव्या होतात. स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर तापवल्या की पुन्हा केशरी. डांबरगोळ्या फाइलपासून लांब ठेवाव्यात. दसऱ्यानंतर एक दिवस सगळी पाकिटे सावलीत उघडून बघावीत, कसर लागली असेल तर तेव्हाच कळते.

सहीचे पैसे घेणे नवे नाही. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीचे पाच रुपये घेत. विजय मर्चंट यांची बहीण लक्ष्मी हिच्या वहीत १९३३-३४च्या दौऱ्यावर आलेल्या जार्डिनच्या एमसीसी, म्हणजे इंग्लंडच्या, संघाच्या पानावर गांधीजींनी सतरावा खेळाडू म्हणून सही केली, ती गोष्ट प्रसिद्धच आहे. पण ते पैसे कुठे जात हे देणाऱ्याला ठाऊक होते, आणि सही समोर होत होती. आज छापील सहीची वस्तू ‘सहीची’ म्हणून विकली जाते, त्यावर ‘सही छापील आहे’ एवढे ठळक लिहिण्याची सक्ती व्हावी. राज्यातल्या तिन्ही क्रिकेट संघटनांनी रणजी सामन्याच्या पहिल्या तीन दिवशी खेळ संपल्यावर सीमेपाशी एक टेबल आणि दोन राखीव खेळाडू दहा मिनिटे बसवावेत. खर्च शून्य आहे.

आणि आपल्याकडे एक विनंती. क्रीडापानावर आयपीएलच्या लिलावाचे तक्ते येतात, तिथेच कोपऱ्यात चार ओळींत या आठवड्यातले घरचे रणजी, कूचबिहार आणि सी. के. नायडू सामने, मैदान आणि आदल्या दिवशीच्या सरावाची वेळ छापावी.

कळावे,
आपले,
स्वाक्षऱ्या जमवणारे काही वाचक, पुणे